मागं राहायचं काम

(म्हसरूळच्या पुढचा झेंडूचा मळा. दसऱ्याला तीन दिवस आहेत. सकाळच्या वेळी तिघी जणी आपापली पात, म्हणजे झाडांची ओळ, धरून फुलं तोडतायत : अंबूबाई, तिची सून सुवर्णा आणि कॉलेजात शिकणारी नात हर्षाली.)

अंबूबाई : ...तर मी त्या कुसाबाईला म्हटलं, तुझ्या नातींना पंचवटीतून रविवार कारंजाला जायचं तर रिक्षा लागती. माझी नात कॉलेजच्या अभ्यास सहलीला गेली, तीन दिवसांत तीन डोंगर चढली, आणि तिन्हींवर पहिली. मास्तरानं कागद दिला, चिकाटीचा. कुसाबाईचं तोंड असं झालं, जसं काय तिची फुलांची पाटी कुणी चिखलात उलटी केली.

हर्षाली : तू हे फुलबाजारात सांगितलंस?

अंबूबाई : फुलबाजारात, डेअरीवर, आणि येताना मंगलाबाईच्या गिरणीत. पेढेबी सांगून ठेवलेत. का गं? सांगू नये असं काय हाय त्यात?

हर्षाली : काही नाही.

अंबूबाई : मग हात चालव. माझी पात निम्म्यात आली, तू अजून बांधाशीच. डोंगर चढून आलीस का बाळंत होऊन?

सुवर्णा : आत्याबाई, तिच्या पायाला फोड आलेत. काल मी हळद लावली.

अंबूबाई : तुला विचारलं का? फोड आलेत म्हणं. तुझा सासरा गेला तो असाच दसऱ्याच्या तोंडावरचा दिवस. ओट्यावर चादर घालून ठेवला होता. सुरतेवरून लेक यायची होती. मी म्हटलं, लेक येईस्तोवर हा माणूस काय कुठं जात नाय, फूल मात्र जातं. दोन क्रेट तोडून आले आणि मग रडायला बसले. चिकाटी म्हंजे ती.

सुवर्णा : मलाही नेलं होतं तेव्हा.

अंबूबाई : नेलं होतं, आणि तू तेव्हाबी शेपूटच होतीस.

हर्षाली : आजी, तो शब्द सोड ना आता.

अंबूबाई : का सोडू? माझ्या सासूपासनं या मळ्याचा कायदा हाय. पात धरली की मागं बघायचं नाय, शेजारणीच्या पातीला हात लावायचा नाय, आणि जी सगळ्यात शेवटी बांधाला लागंल ती शेपूट. शेपटानं सगळ्यांच्या पाण्याचा हंडा उचलायचा आणि सगळ्यांमागून भाकरी खायची. तुझी आई लग्न करून आली तेव्हापासनं हंडा उचलती. मी सांगितलं का तिला हळू चाल म्हणून?

सुवर्णा : माझ्या क्रेटमधून आजवर एक फूल परत आलं नाही, आत्याबाई.

अंबूबाई : आलं नाय. तू एकेक फूल नवरदेवासारखं बघून तोडतीस, येईल कसं? जाऊ दे. हर्षे, तू तिसऱ्या दिवसाचं परत सांग. काल नीट ऐकलं नाय, टीव्ही चालू होता.

हर्षाली : किती वेळा सांगू? पहिल्या दिवशी ब्रह्मगिरी. दुसऱ्या दिवशी हरिहर, त्याच्या पायऱ्या म्हणजे भिंतीला लावलेली शिडीच. तिसऱ्या दिवशी अंजनेरी. धुकं होतं. वर पोचलो, झाडांची माहिती घेतली, डबा खाल्ला, सरांनी कागद दिला, उतरलो.

अंबूबाई : आणि तू पहिली.

सुवर्णा : आत्याबाई, मी काल तो कागद वाचला.

अंबूबाई : दहावी झालेली सून केली त्याचं हेच सुख. आमचं काय, दुसरीत दप्तर खुंटीला टांगलं ते अजून खुंटीलाच हाय. वाचलास तर वाचलास. पहिली आली असंच असंल त्यात.

सुवर्णा : पहिली असं कुठंच नाही. सरांनी हातानं लिहिलंय. 'तीन दिवस सर्वांच्या मागे चालून, एकालाही मागे न सोडल्याबद्दल.'

अंबूबाई : काय?

सुवर्णा : सर्वांच्या मागे चालून.

अंबूबाई : हर्षे. हात थांबव. इकडं बघ. मास्तरानं तुला मागं ठेवलं होतं?

हर्षाली : अगं, ते तसं नसतं. ट्रेकमध्ये सगळ्यात तगडा माणूस शेवटी ठेवतात. पुढे सर आणि सगळ्यात मागे तो. मधला कुणी थकला, कुणाचा पाय मुरगळला, तर शेवटचा त्याच्यासोबत थांबतो. शेवटचा वर आला म्हणजे सगळे आले. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, बत्तीस जणांत रोज कष्टाचं काम कोण करतं? मी हात वर केला. म्हणाले, मग मागं राहायचं काम तुझं.

अंबूबाई : आणि तू राहिलीस.

हर्षाली : दोन दिवस राहिले.

अंबूबाई : दोन दिवस. अंबूबाईची नात दोन दिवस बत्तीस जणांचं शेपूट होऊन हिंडली, आणि त्याचा मास्तरानं कागद करून दिला. आणि मी तो कागद साऱ्या बाजाराला सांगून आले. उद्या कुसाबाईचं पोरगं वाचून दाखवंल तिला. तू मला आधी मारून तरी टाकायचं.

सुवर्णा : शेवटचा माणूस सगळ्यात जास्त चालतो, असं म्हणत होते ना सर? हर्षाली पहिल्या रात्री फोनवर सांगत होती.

अंबूबाई : तुला बरं वाटलं असंल ते ऐकून.

सुवर्णा : हो. वाटलं.

अंबूबाई : वाटंलच. जातीला जात मिळाली. पुढं गं? दोन दिवस म्हणालीस. तिसऱ्या दिवशी काय झालं?

हर्षाली : तिसऱ्या दिवशी मी मागे राहिले नाही.

अंबूबाई : मग?

हर्षाली : सोडून पुढे गेले. माझ्यापुढे दहा-बारा जण होते, त्यांनाही गाठलं. सगळ्यांच्या मध्ये कुठंतरी वर पोचले.

अंबूबाई : हे आधी सांगायचं. हे माझं रक्त. दोन दिवस उगा वाया घालवलेस.

सुवर्णा : हर्षाली, कुणाला सोडून पुढे गेलीस?

हर्षाली : आई, तुला माहीत आहे.

सुवर्णा : आजीला माहीत नाही. तूच सांग.

अंबूबाई : काय चाललंय दोघींचं?

सुवर्णा : काल रात्री निकिताच्या मम्मीचा फोन आला होता.

अंबूबाई : कोण निकिता?

सुवर्णा : हिची मैत्रीण, इंदिरानगरची. वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात आहेत. श्रावणात आली होती आपल्याकडं. बूट घालून सरीत पाय दिला म्हणून तुम्ही तिला पानावरून उठवलं होतं.

अंबूबाई : ती होय. पांढरी, पालीसारखी. झेंडूला बोट लावून लॅटिनातलं का कसलं नाव सांगत होती मला. माझ्या मळ्यात मला झेंडूचं नाव सांगती. मग, तिचं काय?

हर्षाली : तिच्या बुटाचा तळ दुसऱ्या दिवशीच निघाला होता. सुतळीनं बांधून चालत होती. तिसऱ्या दिवशी चढायला लागलो तर दर दहा पावलांना थांबायची. मी मागे उभी. पुढच्यांचे आवाज आधी जवळ होते, मग लांब गेले, मग धुक्यात ऐकूच येईनात. वरून कुणीतरी हसलं. आजी, मला असं झालं, की सगळे बांधाला लागलेत आणि आता मला हंडा उचलायला लावतील. खोटं नाही सांगत. डोंगरावर मला तो हंडा दिसला.

अंबूबाई : बघ सुवर्णा. शिकवण अशी असती.

हर्षाली : मग ती दगडावर बसली. म्हणाली, पाच मिनिटं. मी म्हटलं, ऊठ. म्हणाली, तू आहेस ना, मग मला भीती नाही, पाचच मिनिटं. तिला माहीत होतं मला थांबावंच लागणार. फार राग आला मला त्याचा. मी म्हटलं, बस मग. बसलेल्याची माती होते. आणि निघाले.

अंबूबाई : बराबर म्हणालीस.

हर्षाली : तुझंच आहे ते.

अंबूबाई : माझंच हाय. माझ्या सासूनं माझ्या तोंडावर फेकलं होतं, तुझ्या बापाच्या वेळी सातव्या महिन्यात. बसले होते मी, उठले. तीबी उठली असंल.

हर्षाली : हो. उठली. मागून तिची पावलं ऐकली मी.

अंबूबाई : मग झालं की.

सुवर्णा : झालं नाही, आत्याबाई. ती उठली आणि हिच्यामागं धावली. धुक्यात वाट चुकली. घळीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, गुडघा फुटला. सकाळी अकराला पडली, पाच वाजता सापडली. हिरामण म्हणून एक शेळ्या राखणारा आहे तिकडचा, त्यानं आवाज ऐकला.

अंबूबाई : जिती हाय ना?

सुवर्णा : जिवंत आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चालेल, पण काठीवर. डोंगराचं नाव काढायचं नाही.

अंबूबाई : मग तोंड एवढं कशाला पाडता? हाडं जुळतात. माझं मनगट मोडलं होतं तर मी दुसऱ्या हातानं तोडणी केली. आणि पडली ती तिच्या पायानं. हिनं ढकललं का?

हर्षाली : नाही.

अंबूबाई : मग?

सुवर्णा : ती बसून राहिली असती, तर उतरताना सगळ्यांना त्याच दगडावर सापडली असती. तिला काही झालं नसतं. ती उठली म्हणून पडली. हेच मी रात्रभर मनात घोळवत होते.

अंबूबाई : तुझी पात कुठवर आली?

सुवर्णा : माझी पात राहू द्या.

अंबूबाई : आज लय बोलायला लागलीस. बरं, त्या मास्तरानं कसं बघितलं नाय? बत्तीसचे एकतीस झाले, डोळे फुटले होते का त्याचे? मी बांधावर उभी राहिले तर सांगते कोणती बाई कुठल्या झाडाशी हाय.

हर्षाली : धुकं होतं, कोण कधी वर आलं ते दिसलंच नाही. आणि सगळे जमल्यावर सरांनी मला बघितलं.

अंबूबाई : तुला बघितलं तर काय?

हर्षाली : मी शेवटची ना, आजी. शेवटची वर आली म्हणजे सगळे आले. त्यांनी मोजलंच नाही. मला बघितलं, हसले, पिशवीतून तो कागद काढला. सगळे गोल उभे राहिले. सर बोलले माझ्याबद्दल, की पुढे पळणारे खूप असतात, मागे थांबणारा एखादाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुवर्णा : आणि तू घेतलास.

हर्षाली : हातात दिला त्यांनी. काय करू? तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मग वाटलं, येईलच ती पाच मिनिटांत. मग डबे उघडले. मध्ये खालून एकदा आवाज आला. मला वाटलं कुणीतरी शेळ्यांना हाकतंय.

सुवर्णा : आवाज आला होता?

हर्षाली : एकदाच.

सुवर्णा : हे काल नाही सांगितलंस मला.

अंबूबाई : बरं, झालं ते झालं. आता कुणाकुणाला ठाऊक हाय की मागं राहायचं काम हिचं होतं म्हणून?

हर्षाली : सगळ्या वर्गाला. पण कुणी बोलत नाही. सर मोजायला चुकले एवढंच चाललंय. कॉलेजनं कमिटी बसवली. काल मी जर्नल द्यायला जाते म्हणून गेले ना, ते त्यासाठीच. लिहून घेतलं माझ्याकडून.

सुवर्णा : काय लिहून दिलंस?

हर्षाली : निकिता मला म्हणाली, मी खाली गाडीत जाऊन बसते. म्हणून मी पुढे गेले.

सुवर्णा : असं म्हणाली ती?

हर्षाली : आई, मी सही केलीय.

सुवर्णा : आणि सर?

हर्षाली : ज्ञानेश सरांना वाचून दाखवलं ते, माझ्यासमोर. कमिटीच्या मॅडमनी विचारलं, हिला मागे थांबायची जबाबदारी दिली होती का तुम्ही? सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, नाही. मोजणं माझं काम होतं, मी मोजलं नाही.

अंबूबाई : शहाणा हाय मग मास्तर. सुटलीस.

हर्षाली : ते तासिकेवर आहेत. आजपासून येऊ नका म्हटलंय त्यांना.

अंबूबाई : तासिकेवरचा म्हंजे रोजंदारीचाच. दुसरीकडं तास घेईल. पुरुष माणसाला काय, पाय हायेत. थांब जरा. तो नाय म्हणाला?

हर्षाली : हो.

अंबूबाई : तुझ्यासमोर? तू खोटं लिहिलंस ते त्याला ठाऊक, तरी?

हर्षाली : हो.

अंबूबाई : का पण? आपण त्याचे कोण? त्याच्या घरी फुलं टाकतो का आपण?

हर्षाली : मला काय माहीत. बाहेर आल्यावर बोलले पण नाहीत माझ्याशी. गाडीला किक मारली आणि गेले.

अंबूबाई : म्हंजे त्यानं पांघरूण घातलं आपल्यावर.

हर्षाली : आपल्यावर नाही. माझ्यावर.

अंबूबाई : तू म्हंजे कोण? तुला आडनाव नाय? एक रोजंदारीचा मास्तर उठून अंबूबाईच्या घराला झाकतो. उद्या सिडकोच्या कुठल्या तरी खोलीत बसून बायकोला सांगंल, त्या म्हसरूळच्या माळणीच्या पोरीला मी वाचवली. आणि ती बाई म्हणंल, बिचारी. मला बिचारी म्हणंल ती. माझा नवरा गेला तेव्हा भावकीनं ताट आणलं होतं, ते मी उंबऱ्यावरून परत पाठवलं. तीन दिवस आमच्या चुलीला आमचंच लाकूड जळलं. आणि आता या वयात मास्तराची भीक घेऊ?

सुवर्णा : आत्याबाई, सावकाश.

अंबूबाई : सावकाश तू. हर्षे, ऊठ. हात धू. कॉलेजात जा आणि त्या मॅडमला सांग, माझं काम होतं मागं राहायचं, मी राहिले नाय, मास्तराचा दोष नाय. आणि परत ये. वर्षभर घरी बसवलं तर बस. मळा हाय.

हर्षाली : नाही.

अंबूबाई : काय म्हणालीस?

हर्षाली : मी नाही सांगणार.

अंबूबाई : का?

हर्षाली : कारण आता सांगून निकिताचं हाड जुळणार नाही. सरांना घेतील कुठंतरी, तूच म्हणालीस. मला मात्र कॉलेजातून काढतील. खोटं लिहून दिलं म्हणून पोलिसात गेलं तर नाव लागेल. वनरक्षकाची भरती आहे फेब्रुवारीत. चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं. मी दोन वर्षं रोज पहाटे कॅनॉलच्या कडेनं चालतेय ते कशासाठी? त्या फॉर्मला चारित्र्याचा दाखला लागतो.

सुवर्णा : निकितानंही भरला होता ना तो फॉर्म? तुम्ही दोघी मिळून जाऊन आला होतात.

हर्षाली : हो.

सुवर्णा : मग तिचं?

हर्षाली : तिचं काय आता. एक कमी झाली.

अंबूबाई : परत म्हण.

हर्षाली : खरं तेच म्हणतेय. माझ्यापेक्षा तिला लेखी परीक्षेत जास्त मार्क पडले असते. मैदानातच मी तिला गाठणार होते. आता ती मैदानातच नाही.

अंबूबाई : ही तुझी मैत्रीण होती?

हर्षाली : तू कुणाला मैत्रीण म्हणालीस आयुष्यात? कुसाबाईला? आजोबा मेले तेव्हा दोन क्रेट तोडलेस, ते मला लहानपणापासून सांगतेस. प्रत्येक दसऱ्याला. मी ते ऐकून शहाणी झाले. आता का बघतेस अशी?

अंबूबाई : तो मेलेला होता, हर्षे. मी जित्या माणसाला सोडून नव्हते गेले.

हर्षाली : आईला रोज सोडायचीस.

अंबूबाई : काय?

हर्षाली : मी बांधावर बसलेली असायचे, चार-पाच वर्षांची. तुम्ही सगळ्या पात संपवून सावलीत यायचात. आई उन्हात एकटी. तू हसायचीस, ते बघा आमचं शेपूट. तेव्हा मंगलाबाई, कुसाबाई तोडणीला यायच्या, त्याही हसायच्या. मग आई हंडा उचलून यायची आणि तुमचं झाल्यावर उरलेली भाकरी खायची. एकदा उरली नव्हती. तेव्हाच ठरवलं मी, काही झालं तरी शेवटी राहायचं नाही. निकिता दगडावर बसली ना, तेव्हा मला तिचं तोंड दिसलंच नाही. मला आई दिसली. आणि मला आईची लाज वाटायची.

सुवर्णा : वाटायची?

हर्षाली : आई, तू मध्ये पडू नकोस.

सुवर्णा : नाही पडत.

अंबूबाई : त्या दिवशी भाकरी नव्हती उरली तर मी घरी जाऊन पिठलं टाकलं होतं हिच्यासाठी. ते नाय बघितलंस.

सुवर्णा : नव्हतं टाकलं, आत्याबाई.

अंबूबाई : टाकलं होतं.

सुवर्णा : असंल मग.

अंबूबाई : हर्षे, कुठं निघालीस? पात अर्धी हाय.

हर्षाली : आंघोळीला. अकराला परत बोलावलंय कमिटीनं. कालचंच परत वाचून दाखवतील, मी हो म्हणेन. दहा मिनिटांचं काम आहे.

अंबूबाई : असं करून आलीस तर या मळ्यात पाऊल टाकू नको.

हर्षाली : बरं.

अंबूबाई : बरं म्हणती. ऐकलंस का सुवर्णा, बरं म्हणाली. हर्षे, मी खरं बोलतीय. घरातबी नाय.

हर्षाली : ऐकलं मी. फेब्रुवारीपर्यंत राहू दे, मग तसंही माझी नेमणूक कुठंतरी जंगलात होईल. आई, माझा निळा ड्रेस वाळत घातलाय तो खाली पडला तर उचल. आणि आजी, पेढे सांगितलेस ते आण. नाही आणलेस तर कुसाबाई विचारेल का नाही आणले म्हणून.

सुवर्णा : गेली.

अंबूबाई : दिसतंय मला. आंधळी नाय झाले. तू वळवून आणायची होतीस तिला. आई हायेस ना?

सुवर्णा : तिला माझं वळण कधी लागू दिलंत? दूध सुटल्यापासून तुमच्याजवळ निजली. मी काही शिकवायला गेले की म्हणायचात, शेपटानं डोक्याला शिकवू नये.

अंबूबाई : म्हटलं असंल. तोंड हाय, निघून जातं. त्या पोरीची आई फोनवर काय म्हणाली, ते नीट सांग. एक अक्षर गाळू नको.

सुवर्णा : म्हणाली, निकिता कुणाचं नाव घेत नाही. माझंच चुकलं म्हणते, मीच हळू होते. पण भूल उतरत होती तेव्हा एकसारखी म्हणत होती, बसायचं नाही, माती होते, बसायचं नाही. नर्सनी उशीला टेकवून बसवलं तर रडायला लागली. मम्मीनं मला विचारलं, हे कुठलं शिकून आली ही? आमच्या घरात कुणी असं बोलत नाही. तुम्हाला काही माहितीय का, हर्षालीनं काही सांगितलं का?

अंबूबाई : तू काय म्हणालीस?

सुवर्णा : म्हटलं, माहीत नाही.

अंबूबाई : तूबी खोटं बोललीस.

सुवर्णा : हो. लेक आहे माझी. लाज वाटली तरी लेक आहे.

अंबूबाई : आणि मास्तरबी खोटं बोलला. ती पोरगीबी बोलंना. सगळे मिळून माझ्या घराला झाकून बसलेत. लाव तिला फोन.

सुवर्णा : कुणाला?

अंबूबाई : त्या इंदिरानगरच्या बाईला. मी सांगते. माझ्या नातीनं तुमच्या लेकीला टाकून दिली, कागदावर खोटं लिहिलं, मास्तर निर्दोष हाय, आणि ते मातीचं बोलणं माझं. पोरगी अकराला तिथं पोचायच्या आत सांगते. मग बघू कमिटी काय वाचून दाखवती ते.

सुवर्णा : तिचं शिक्षण संपेल, आत्याबाई. भरती पण.

अंबूबाई : संपू दे.

सुवर्णा : आणि ती तुमचं तोंड बघणार नाही पुन्हा.

अंबूबाई : ती आत्ता कुठं बघून गेली? लाव म्हणते ना. कुणाला भिऊन मी तोंड मिटलंय आजवर? तुझ्या सासऱ्याला नाय भ्याले, भावकीला नाय, सावकाराला नाय. एका फ्लॅटातल्या बाईला भिऊ? दे इकडं.

सुवर्णा : हात पुसा. चीक लागलाय. हं, वाजतोय. उचलला. बोला.

अंबूबाई : हॅलो. हां. मी अंबूबाई बोलते, म्हसरूळवरून. हर्षालीची आजी. हां, तीच. श्रावणात आली होती ती आमच्याकडं. हां. हां, मीच ती. नाय, तुम्ही कशाला आभार मानता? आमच्या पोरीनं कुठं काय केलं. सोबत होती म्हंजे, ती, तीन दिवस. हां. कळलं आम्हाला, काल रात्री. नाय, फोन करायचं कारण असं की... हां, ऐकतीय. तुम्ही बोला. झोपलीय का ती? नाय, उठवू नका. नाय नाय, कामाचं काही नाय. पोरगी आज काही जेवली का, तेवढं विचारायचं होतं.